शिंगाची पूड

आबा, शेड बंद आहे आणि तरी मला तो वास येतो आहे. भांडी घासताना येतो, देवाची फुलं बदलताना येतो, धुऊन वाळवलेल्या उशीच्या अभ्र्यातूनही येतो. केस जळल्यासारखा, थोडा दातांच्या डॉक्टरकडे येतो तसा. तुम्हाला त्याची ओळख करून द्यायला नको. तुमच्या सदऱ्याला तो असायचा, मिशीला असायचा, हातपाय धुऊन तुम्ही पानावर बसलात तरी भाताच्या वाफेतून वर यायचा. मी मॅट्रिकला होते त्या वर्षी तुम्ही गेलात, आणि तुमच्यानंतर कितीतरी दिवसांनी घरातून गेला तो हा वास. मग मी त्याच्यापासून लांब लांब येत गेले. वाडीहून पुण्याला, पुण्याहून इथे आयर्लंडला, कासलबारच्या बाहेर, जिथे खिडकीतून गवत आणि मेंढ्या आणि आडवा पाऊस ह्याखेरीज काही दिसत नाही. इथे तो मला शोधत येईल असं कधी वाटलं नव्हतं.

घरात मी तुम्हाला 'तू' म्हणायचे. कागदावर 'तुम्ही' येतं, त्याला इलाज नाही. इतकी वर्षं बोलले नाही, एकदम 'तू' कसं म्हणू?

तुमचा जावई तुम्ही पाहिला नाहीत, म्हणून आधी ह्यांच्याविषयी सांगते. हे टूलरूमचे. पुण्याच्या कारखान्यात होते, मग इथे हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनवणाऱ्या कंपनीत आले आणि रिटायर होईपर्यंत त्या नळ्यांचे साचे घासत राहिले. केसाएवढा फरक ह्यांना बोटाने कळतो. निरोपाला कंपनीने घड्याळ दिलं, ते ह्यांनी घरी आल्या आल्या उघडलं आणि परत जोडलं. मग माझा मिक्सर उघडला. मग इस्त्री. मी म्हटलं, "आता मला उघडू नका म्हणजे झालं." त्यावर हसले, आणि थोड्याच दिवसांत एक जुना, लहानसा लेथ घेऊन आले. तो शेडच्या दारातून आत जात होता तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होते. हातातलं पोळपाट तसंच धरून राहिले.  माझं लग्न जमवताना आईने सांगितलं होतं, हिचे वडील तापाने गेले. ती ताप म्हणाली, मीही ताप म्हणत आले, आणि तापाने गेलेल्या माणसाच्या मुलीला लेथची भीती का वाटावी, हे ह्यांना कसं समजावणार?

सुरुवातीला लाकूडच होतं. लाकडाचं मला भय नव्हतं. तुम्हीही रव्या नि पाळण्याचे खूर कातत होतात तोवर नीट होतात. मग एका वसंतात पलीकडच्या शेतातला म्हातारा शेजारी दारात आला, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. त्याची बायको गेल्यापासून तो रोज डोंगराच्या कडेने चालतो, आणि चालताना त्याला हरणांनी टाकलेली शिंगं सापडतात. त्याने ते टेबलावर ठेवलं. आपल्या सांबराच्या शिंगासारखंच, फक्त रंगाला फिकं, मुळाशी खडबडीत, टोकाला घासून पांढरं झालेलं. मी म्हटलं, हाड आहे, घरात नको, माझं देवघर दोन हातांवर आहे. माझं इंग्रजी बेताचं, पण हे त्याला स्पष्ट विचारलं, मारून आणलंय का? म्हातारा टोपी काढून म्हणाला, "अजिबात नाही मिसेस. दर वर्षी आपणच टाकतात. मी घरात आलो की टोपी काढतो ना, तसं." एवढं म्हणून त्याने टोपी माझ्या ओट्यावर ठेवली. ह्यांना फार आवडलं ते. त्या दिवसापासून लाकूड बाजूला पडलं.

ह्यांचं काम बघायला सुंदर आहे, ते मला कबूल केलंच पाहिजे. शिंगाचं बोटभर कांडं करवतीने कापायचं. मधून आरपार भोक पाडायचं, त्यात पितळेची नळी गोंदाने बसवायची, आणि मग ते लेथवर चढवून पटाशी लावायची. वरची तपकिरी साल भिरभिरत उडते, आत हस्तिदंतासारखा रंग निघतो, आणि मध्येच हाडाची जाळी लागते, ती गोंद भरून बुजवायची. मग पॉलिश पेपर, एकाहून एक बारीक, शेवटी कापसाचं फडकं. दोन्ही टोकांना निब नि झाकण दाबून बसवलं की पेन. शनिवारच्या बाजारात लोक ते हातात घेतात आणि खाली ठेवत नाहीत. पण आबा, पॉलिश पेपर लागला की जे उडतं ते भुसा नसतं. ते पीठ असतं. रव्यासारखंही नाही, मैद्याहून बारीक. उजेडाच्या तिरपीत ते तरंगत राहतं, बसतच नाही, आणि त्या पिठात हे उभे असतात, मास्क हनुवटीवर ओढलेला. "वर घ्या तो," मी दारातून ओरडते. "चष्म्यावर वाफ येते," हे म्हणतात. "चष्मा काढा." "मग पेन कोण बघणार, तू?" आणि वर, "शिंग आहे गं हे. हरीण आयुष्यभर डोक्यावर घेऊन हिंडतं, त्याला काही होतं का?"

मी आठ-नऊ वर्षांची असेन. आई मला पेजेचा तपेला देऊन तुमच्याकडे पाठवते आहे. तुम्ही पेठेतल्या त्या दुकानासाठी म्हशीच्या शिंगांच्या काठीच्या मुठी करता, कारण लाकडापेक्षा त्याला पैसे बरे मिळतात. खोलीत काळोख, एकाच खिडकीतून ऊन, आणि त्या उन्हात काळी पूड फिरते आहे. तुम्ही यंत्र थांबवता, मी तपेला ठेवायला फळी बघते, फळीवर बोटभर धूळ, म्हणून मी वाकून जोरात फुंकर मारते. तुम्ही कधी माझ्यावर आवाज चढवलेला नाही. त्या दिवशी असे ओरडलात की माझ्या हातातून झाकण पडलं. "फुंक मारू नको! धुळीक फुंक मारलंस तर ती परत तुज्याच तोंडात येतली! नाकार फडको धर आधी, मगे भितर ये." मी रडायला लागले. तुम्ही माझं तोंड स्वतःच्या पंच्याने पुसलंत, नाकपुड्यासुद्धा, पुसून पुसून लाल केलंत. आणि दुसऱ्या दिवशी मला कुंकवाचा एक करंडा दिलात, शिंगाचाच, सुपारीएवढा, झाकण फिरवलं की टिक् वाजायचं. अजून वाजतं. माझ्या देवघरात इथे आहे. त्या वेळी मला वाटलं, ओरडल्याबद्दल दिला. आता कळतं, तुम्हाला सगळं ठाऊक होतं. माझ्या नाकावर पंचा दाबणाऱ्या माणसाने स्वतःच्या नाकावर कधी काही बांधलं नाही.

शिंगं आली त्या वर्षीच्या दसऱ्याला मी लेथची पूजा केली. करावीच लागते. तुम्ही करायचात, झेंडूची माळ, हळदकुंकू, त्या दिवशी पटाशीला हात लावायचा नाही, आणि मग हात जोडून गाऱ्हाणं, "बा देवा म्हाराजा," आणि आम्ही मागून, "व्हय म्हाराजा." शेडमध्ये मी एकटी उभी राहिले. झेंडू मिळाला नाही, पलीकडच्या कुंपणाची पिवळी काटेरी फुलं वाहिली. शिंगाला कुंकू लावावं की नाही ह्यावर थोडी थांबले, मग लावलं. ज्याची एवढी भीती वाटते त्याच्याच पाया पडायचं हे मला नवं नव्हतं, लहानपणी आम्ही नागाला दूध ठेवतच होतो. म्हटलं, बा देवा म्हाराजा, ह्या यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला सांभाळ. मागून आवाज आला, "व्हय म्हाराजा." हे दारात उभे होते. आमचे हे देशावरचे, त्यांना त्यातलं काही येत नाही, माझी चेष्टा करायला म्हणाले. पण ते म्हणताना खोकले. खोकला नवीन होता. घसा साफ करावा तसा, कोरडा, आणि संपता संपता एक लहान शिट्टी. तुमच्या खोकल्याच्या शेवटी होती तीच.

त्यानंतर माझं कशातच लक्ष लागेना. यंत्र चालू असलं की वाटायचं, आता धूळ जाते आहे, आता जाते आहे. थांबलं की वाटायचं, का थांबलं, पडले तर नसतील? फोडणी करपायची. जप करताना मणी पुढे जायचे आणि कान शेडकडे. जिना चढताना हे मध्ये थांबायला लागले, आणि थांबण्याला काही निमित्त हवं म्हणून भिंतीवरची तसबीर सरळ करायचे. ती तसबीर आमच्या घरात कधी वाकडी नव्हती.

तुमच्या वेळी डॉक्टर घरी आले होते, आठवतं? मी दाराआड होते. पाठीला नळी लावून त्यांनी खूप वेळ ऐकलं आणि आईला विचारलं, "हे काम कसलं करतात?" आईने पदर तोंडाशी घेतला. म्हणाली, "विडी ओढतत ते. दुसरा काय नाय." तुम्ही खाटेवरून तिच्याकडे बघितलंत. तुम्ही विडी ओढायचात ती सणासुदीला एखादी. पण दुकानवाल्याच्या कानावर छातीचं काही गेलं असतं तर मुठी बंद झाल्या असत्या. छातीच्या रोग्याच्या हातची वस्तू कोण हातात धरणार, असंच तेव्हा होतं. डॉक्टरांनी विडी सोडा म्हणून सांगितलं आणि बाटली दिली. आईने सांबरशिंग काढलं. सहाणेवर पाणी घालून उगाळायची, दाट पांढरं गंध व्हायचं, ते तुमच्या छातीवर जाड थापायची. म्हणायची, "शिंगान आणल्यान, शिंगच काढतला." तुम्ही हसायचात. "माका काय होवचा नाय गो. मी लाकडाचो माणूस, वाळवी लागतली तेवाच पडतलंय." छातीवर ते गंध वाळायचं, त्याला भेगा पडायच्या, आणि श्वासाबरोबर भेगा उघडमीट करायच्या. मी अभ्यासाचं पुस्तक उघडं ठेवून त्या भेगा बघत बसायचे.

इथल्या गावच्या डॉक्टरांनी आधी ह्यांना औषध दिलं, मग छातीचा फोटो काढायला पाठवलं, आणि फोटोवर दोन्ही बाजूंना खाली धुरकट काही दिसलं. मोठ्या इस्पितळात छातीच्या डॉक्टरांना दाखवा म्हणाले. काम काय करता, हे त्यांनीही विचारलं होतं. मी शेजारच्याच खुर्चीत होते. हे म्हणाले, "रिटायर्ड. गार्डनिंग." आमच्याकडे गार्डन म्हणजे पुदिन्याची एक कुंडी आहे. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "पेनं सांगितली नाहीत." "ती काय नोकरी आहे?" "धूळ सांगायला नको?" "सांगितलं की बंद करा म्हणतील." आणि मग गाडीची किल्ली हातात फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग मी दिवसभर करू काय? तुझ्या मिक्सरचे स्क्रू मोजू?"

मी लेकीला फोन केला. ती ह्याच देशात, नावन गावात असते, मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजी. सगळं ऐकून म्हणाली, "आई, देन यू टेल देम." मी म्हटलं, मला कुठे तेवढं बोलता येतं, आणि नवऱ्याच्या समोर त्याला खोटं कसं पाडायचं?  मग चक्क मराठीत, अडखळत, म्हणाली, "आई, तू नाही सांगितलंस तर कोण?"

इस्पितळाच्या आदल्या दिवशी हे आंघोळीला गेल्यावर मी शेडमध्ये गेले. तोंडावर ओला पंचा बांधला, तुम्ही मला सांगितलं होतंत तसा. लेथच्या खालच्या कोपऱ्यात पूड साठते, ती चमच्याने चिमूटभर घेतली. हिशोबाच्या वहीचं मागचं जुनं पान फाडलं, हिंग-तूरडाळ लिहिलेलं, नवा कागद कशाला वाया घालवायचा, आणि पुडी बांधली. मला पुडी बांधायची एकच रीत येते, देवळात अंगाऱ्याची बांधतात ती. बोलता आलं नाही तर निदान हे टेबलावर ठेवता येईल, एवढाच विचार होता. पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. त्या कप्प्यात गावाहून चुलतभावाने पाठवलेला देवीचा अंगारा नेहमी असतो. तो मी त्या दिवशी बाहेर काढून देवघरात ठेवला, दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत म्हणून. त्यातच चुकले.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात आम्ही बसलो होतो. खुर्च्या भरलेल्या, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. हे म्हणाले, घसा कोरडा पडला, म्हणून मी पाणी आणायला उठले आणि पर्स ह्यांच्या मांडीवर ठेवली. पाणी घेऊन आले तर ह्यांच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मध्ये, राखी रंगाचं बोट ओढलेलं.

आबा, तीस-पस्तीस वर्षं मी ह्या माणसाच्या मागे अंगारा घेऊन फिरले आहे. परीक्षा, मुलाखती, पहिलं विमान, लेकीचा जन्म. दर वेळी डोकं मागे घेतात, "टूलरूमच्या माणसाला राख लावू नकोस, गंज चढेल." आणि आज मी नसताना, आपल्या हाताने. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चष्मा शोधत होतो. तुझी पुडी दिसली. म्हटलं, आज लावून टाकू." मग थोड्या वेळाने, "तुझी देवी जरा खरखरीत आहे गं."

मी काय करायला हवं होतं? पुसा म्हणायला हवं होतं. पण हे चष्म्याची दांडी उघडत होते, मिटत होते, परत उघडत होते. तेवढंच मला दिसत होतं. ह्यांना भीती वाटते हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. दोघांच्या वाट्याची मीच भिते आहे, अशा समजुतीत मी होते. माझी पुडी परत घेतली, वेडीवाकडी गुंडाळलेली, आणि मुठीत धरून बसले. नर्स नाव घ्यायला आली, उंच, हसरी. ह्यांच्या कपाळाकडे बघून थबकली. इथे उपवासाचं पर्व लागतं त्या बुधवारी लोक चर्चमधून कपाळाला राख लावून घेतात. ती म्हणाली, "अरे देवा, राखेचा बुधवार आला आणि मला कोणी सांगितलंच नाही?" हे हसले. हसताना खोकला आला, आणि तो थांबेपर्यंत आम्ही तिघंही तिथेच उभे राहिलो.

डॉक्टर तरुण बाई होती. फोटो उजेडावर लावून तिने दाखवलं, ढग असतात तसं. मग विचारत गेली. सिगारेट? नाही. घरात पक्षी, कबुतरं? नाही. ओल, बुरशी? नाही. धुळीचं काही काम, आता किंवा पूर्वी? हे म्हणाले, "नो नो. रिटायर्ड. ऑल ग्रँड." ती लिहायला लागली. आणि मला आईचा पदर दिसला, तोंडाशी धरलेला. मला ते चित्र अजिबात नको होतं, पण दिसलं. तिच्या पेनाचं टोक कागदावर चालत होतं आणि मला वाटलं, हे वाक्य संपलं की दार बंद होईल.

मी म्हटलं, "डॉक्टर. डस्ट." तिने वर बघितलं. पुढचे सगळे शब्द पळून गेले. मी बोट केलं, ह्यांच्या कपाळाकडे. "दॅट. दॅट डस्ट. ही मेक्स पेन. डियर हॉर्न. एव्हरी डे." आणि मुठीतली पुडी टेबलावर ठेवली.

ह्यांचा हात कपाळाकडे गेला. बोटावर आलेली पूड ह्यांनी अंगठ्याने चोळली, हळू, टूलरूममध्ये चोळतात तशी. ह्यांच्या बोटाला सगळं कळतं. चेहऱ्यावरचं कळणं मला बघवेना. मराठीत, अगदी हळू म्हणाले, "हे तर माझंच आहे." डॉक्टरने हातमोजे घातले, पुडी उलगडली, हिंग-तूरडाळ बघितली, तिला काय बोध झाला असेल देव जाणे. पण नंतर तिने खुर्ची आमच्याकडे सरकवली आणि सगळं पहिल्यापासून विचारलं. किती महिने, मास्क कसला, खिडकी आहे का, गोंद कुठला. ह्या वेळी ह्यांनी खरं सांगितलं, शाळेत उभं केलेल्या मुलासारखं. ती म्हणाली, आणखी एक फोटो काढू, फुंकण्याची तपासणी करू, थोडं रक्त घेऊ. हे धुळीचं असेल, दुसरं काही असेल. दुसरं काही म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. कळेपर्यंत शेड बंद, म्हणाली, आणि शिंगाचा तुकडासुद्धा घरात नको. पूड तिने एका बाटलीत ठेवून घेतली.

परतताना ह्यांनी गाडीची काच खाली घेतली. घराचं वळण आलं तेव्हा म्हणाले, "तू मला बाहेर खुर्चीवर सांगायचंस."

"काय सांगायचं?"

"की हा अंगारा नाही. तसंच लावू दिलंस."

मी म्हटलं, "आयुष्यात एकदा लावलात. पुसा कसं म्हणू?"

त्यावर हसतील वाटलं होतं. हसले नाहीत. आरशात बघून कपाळ पुसायला लागले, आणि अर्ध्यावर थांबून रुमाल खिशात ठेवला.

आता तपासण्या होऊन गेल्या आहेत आणि निकाल यायचा आहे. फोन वाजला की आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो, आणि लेकीचा निघाला तर तिच्यावरच चिडतो. लेथवर माझी जुनी सुती साडी घातली आहे. तिच्याखाली एक पेन अर्धं कातलेलं तसंच चढवलेलं आहे, त्याला हात लावायची माझी छाती होत नाही. शेजारचा म्हातारा येऊन सगळी शिंगं पोत्यातून परत घेऊन गेला. जाताना माझ्या खांद्याला हात लावून म्हणाला, "होईल ग्रँड, मिसेस." इथे सगळे तेच म्हणतात. आपल्याकडेही म्हणतातच की, होईल सगळं ठीक. तुमच्या खाटेशीही म्हणायचे.

सगळी शिंगं गेली असं मी डॉक्टरला फोनवर सांगितलं. लेकीलाही सांगितलं. आबा, एक टोक मी ठेवलं आहे. करंगळीएवढं, पांढरं, सहाणेपाशी. उगाळताना पाणी असतं, धूळ उडत नाही, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी नीट बघितलं आहे. काल संध्याकाळी दिवा लावल्यावर उगाळलं, दाट. ह्यांच्या पुढे वाटी घेऊन उभी राहिले, म्हटलं, माझे वडील खोकल्याला हे लावायचे. वाटलं, आता टूलरूम, गंज, काहीतरी म्हणतील. ह्यांनी सदऱ्याची वरची बटणं आपणच काढली आणि वर छताकडे बघत राहिले. मी लावलं. थंड लागलं तसे शहारले. वाळायला लागल्यावर त्याला भेगा पडल्या, आणि भेगा उघडमीट करायला लागल्या, आणि मी बघत बसले.

हे पत्र घरात ठेवता येणार नाही. ह्यांच्या हाती पडलं तर ताप नव्हता हे कळेल. थोड्या वेळाने स्टोव्ह पेटवीन, त्यात घालीन. तुम्हाला कागदाची गरज असेल असंही नाही. पण एवढं सांगायचं होतं, आणि दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. छातीवरचं ते गंध पुरतं वाळलं तेव्हा ह्यांनी मला विचारलं, "तुझे वडील लावायचे म्हणालीस ना? त्यांना गुण आला होता का?"

मी म्हटलं, आला होता.